सव्वापाच फुटांवरची पट्टी

प्रिय लंब्या,

तुझी डिस्क मंगळवारी मिळाली, सोबतची चिठ्ठीही. सिनेमा बघ आणि छान आहे एवढंच कळव, म्हणजे सोमवारी शेवटचा हात फिरवून तो हातावेगळा करतो, असं तू लिहिलंयस. आज शुक्रवार. एक शब्द लिहायला चार दिवस लागावेत एवढा मी अजून म्हातारा झालेलो नाही. पण दमलोय हे खरं. डोळे दमलेत, मान दमलीय, आणि तुझ्याशी गोड बोलायचा तर मुळीच दम उरलेला नाही. काल ही स्वयंपाकघरातून म्हणाली, सिनेमा चांगला असता तर तुम्ही जेवायला पहिल्या हाकेला आला असतात. चौथी हाक मारतेय, म्हणजे काहीतरी बिनसलंय. एवढ्या वर्षांच्या संसारात हिने माझा एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही, पण परीक्षण अचूक.

बावीस वर्षांपूर्वीची आपली खोली तुला आठवत असेलच. खाली छापखाना. मशीन सुरू झालं की टेबलावरचा कप आपोआप काठाकडे सरकायचा. तिथे आपण तुझा पहिला सिनेमा जोडला. माझी शाळा म्हणजे थिएटरच्या मशीनरूममध्ये तुटलेली रिळं चिकटवणं, आणि तू तर तोवर लग्नांचं शूटिंग करत होतास. दारावर माझ्या अक्षरात पाटी होती : ‘छान म्हणणाऱ्याने बाहेर बसावे.’ आत यायचं तर काय खटकलं ते सांगायचं, आणि कुठल्या सेकंदाला तेही. तुझ्या सख्ख्या मामांनाही मी त्या पाटीखाली अर्धा तास बसवलं होतं. बिचारे शेवटी आत डोकावून म्हणाले, बाबा रे, वाईट आहे, आता तरी पाणी दे.

त्या सिनेमात बापाचं काम ज्यांनी केलं ते पोस्टमन होते. आज सगळं जग त्यांना थोरले म्हणतं; तेव्हा ते सकाळची पत्रं वाटून सायकलवरून सेटवर यायचे. बापाने मुलीची माफी मागायची, दीड पानाचं भाषण. दुसऱ्याच वाक्याला ते सगळं विसरले. भांबावले आणि शेजारच्या दाराची खरोखरच ढिली झालेली कडी नखाने घट्ट करत बसले. मुलीचं काम करणारी ती टायपिस्ट पोरगी, तिला वाटलं ह्यांना चक्कर येतेय. ती म्हणाली, बाबा, पाणी आणू का? कागदावर हे कुठेच नव्हतं. तू बारा सेकंदांत कापायला सांगितलंस, मी एक्केचाळीस ठेवले. चार दिवस भांडलो. तू दार आपटून गेलास आणि चहाची किटली घेऊन परत आलास. लोक अजून त्या एक्केचाळीस सेकंदांबद्दल बोलतात. बाप कसला सुरेख गप्प बसलाय, म्हणतात. गप्प कसला, माणूस घाबरला होता, आणि समोरच्या पोरीने ते पाहिलं होतं. एवढंच.

मग सहा वर्षांपूर्वीचा तो मोठा सिनेमा. तूच, थोरलेच, मीच. शिवाय भल्याभल्यांनी हेवा करावा अशी नटमंडळी. सुगरणी सात आणि भात करपलेला. लोक अजून मला रस्त्यात अडवून विचारतात, एवढे दिग्गज असून असं कसं झालं हो? कुणी म्हणतं कथाच कच्ची होती, कुणी म्हणतं नजर लागली. मी मान हलवतो आणि भाजी घेऊन घरी येतो. मला मात्र काठीबुवा आठवतात. थोरल्यांच्या तारखा आणि त्यांच्यासमोर काम करणाऱ्या बाईंच्या तारखा कधी जुळल्याच नाहीत. म्हणून समोरच्या माणसाच्या जागी तुम्ही एक काठी उभी केलीत, बोलताना कुठे बघायचं ते कळावं म्हणून तिच्यावर लाल पट्टी चिकटवलीत, आणि सेटवर तिचं बारसं केलंत. लोक तिला वाकून नमस्कार करायचे, काठीबुवा, आज मूड कसा आहे? हसायची गोष्ट होती, मीही हसलो. पण प्रत्येकाने काठीसमोर आपापलं उत्तम काम केलं आणि घरी गेला. कुणाचं काम कुणापर्यंत पोचलंच नाही. मी दोन्हीकडचे तुकडे जोडून जोडून थकलो. तुटलेलं रीळ चिकटतं रे, मुळात नसलेलं काय चिकटवणार?

आता तुझा हा नवा सिनेमा. सातवा प्रसंग मी अकरा वेळा पाहिला. थोरले खिडकीपाशी खुर्चीत बसलेत, समोर लेक उभी आहे आणि घर सोडून जाते म्हणून सांगतेय. ती मुलगी फार मोठी नटी होणार, लिहून ठेव. पण तिची नजर बापाच्या डोक्यावरून वीतभर वर जाते. बाप बसलाय, पण तिच्या शॉटला त्याच्या जागी पुन्हा काठीच होती, आणि पट्टी उभ्या माणसाच्या मापाची, जमिनीपासून सव्वापाच फुटांवर, जुन्या काठीवर होती तशीच राहिलीय. आणि बापाच्या मागच्या पडद्याला दोन चिमटे आहेत, तिच्या शॉटच्या कडेला तोच पडदा दिसतो तिथे तीन. म्हणजे दोघं त्या खोलीत एकत्र कधी नव्हतेच. प्रेक्षकाला चिमटे मोजता येत नाहीत. त्याला फक्त थंड वाटतं, आणि घरी जाऊन तो म्हणतो, कामं चांगली होती, पण...

मागच्या वेळी त्या ‘पण’ने तुझी सहा वर्षं खाल्ली. तेवढा वेळ तू जाहिरातींत पोरांना बिस्किटं चावायला शिकवत बसलास. आता ऐक, हे पत्र मी का लिहितोय ते. मोठा सिनेमा तयार झाला तेव्हा आपण लांब टेबलाभोवती बसलो होतो. सगळे पदव्यांचे, पदकांचे, आणि मला पहिल्यांदाच त्यांच्यासारखी पाठ असलेली खुर्ची मिळालेली. एकेक जण छान म्हणत गेला. शेवटी तू माझ्याकडे पाहिलंस. तुला पाटी आठवत होती, मला दिसलं ते. आणि मी छान म्हणालो. मला वाटलं आपलंच चुकत असेल, असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय. खोटं आहे. माझं बरोबर आहे हे मला पक्कं माहीत होतं. बरोबर असून अडाणी ठरायची भीती वाटली. पेपरवाल्यांनी नंतर तुला धुऊन काढलं आणि माझ्या संकलनाला दोन ओळी वाहवा दिली. ते कात्रण सहा वर्षं माझ्या खणात आहे. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी दाखवलं नाही. सोबत पाठवतोय, फाडून टाक. सिनेमा छान नाही, लंब्या. सातवा प्रसंग पुन्हा घे, दोघांना एका खोलीत आणून. सोमवार चुकला तर चुकू दे. मी रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. थोरल्यांना मी स्वतः फोन करतो. पाटीखाली तेही बसलेत, मला नाही म्हणणार नाहीत. आणि नाहीच जमलं, तर मी येईपर्यंत ती काठी मोडून ठेव. त्या मुलीसमोर खुर्चीत मी बसेन. अभिनय मला येत नाही, पण ती काय म्हणते ते ऐकेन, आणि बसल्यावर माझे डोळे बरोब्बर पावणेचार फुटांवर येतात. हिच्याकडून टेपने मोजून घेतलंय.

तुझाच, उशिरा बोललेला,
कात्री