बाथरूमच्या चौकटीवरचा शोध

४ जून, सकाळी ७
बाथरूमच्या दाराच्या लाकडी चौकटीवर काहीतरी उगवलंय. तपकिरी, कडेला नारिंगी, अर्धी बशी चिकटवल्यासारखं. बायको म्हणाली, बुरशी आहे, सुताराला बोलवा. सासरेबुवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इथे राहायला येतायत. त्यांना धरायला चौकटीवर हँडल हवं. म्हटलं, सगळं माझ्यावर सोड.

७.४०
बुरशीच, पण साधी नाही. मोबाइलवरच्या एकाही फोटोशी जुळत नाही. (तीन पाहिले.) बहुधा नवी जात. नाव माझंच द्यावं लागणार.

६ जून
वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना अकरा फोटो पाठवले. उत्तर नाही. हादरले असणार.

९ जून
सुतार आला. म्हणाला, चौकट बदला. वर लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचून बघायला निघाला. चहा पाजून वाटेला लावला. बायकोला सांगितलं, त्याला सवड नाही. खोटं बोललो, पण विज्ञानासाठी.

१२ जून
इस्त्रीच्या स्प्रेने रोज पाणी मारतो. काल दोन बोटं होती, आज अडीच. काल कुठली बोटं लावली होती आठवत नाही. उद्यापासून फूटपट्टी.

१३ जून
फूटपट्टी सापडली नाही.

१७ जून
हँडल मीच बसवलं. ड्रिलसुद्धा लागलं नाही, स्क्रू नुसत्या हाताने आत गेले. हातात एवढी कला आहे हे मलाच माहीत नव्हतं. बायको म्हणाली, बाबा पडले तर तुम्हाला कधी माफ करणार नाही. हिचा स्वभावच घाबरट.

१८ जून, दुपारी
सासरेबुवा आले. सगळी नोकरी लाकडाच्या वखारीत झालेली. चौकटीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, जावईबापू, मी आपला भिंत धरून जाईन. बायको माझ्याकडे बघत राहिली. मला राहवेना. म्हटलं, बाबा, माझं वजन ब्याऐंशी किलो. बघा आता.

संध्याकाळी (डाव्या हाताने)
हँडल, अर्धी चौकट आणि दार माझ्यासकट खाली आलं. उजवं मनगट मोडलं. प्राध्यापकांचं उत्तरही आलं. ग्लिओफायलम नावाची बुरशी. सर्रास आढळते. ती बाहेर दिसते तोवर लाकूड आतून पोखरलेलं असतं, तिथे कोणाला आधार घेऊ देऊ नका.
बायको रडली. मला वाटलं, माझ्यासाठी. म्हणाली, तिथे बाबा असते तर? मग मात्र मीच डाव्या हाताने सुताराला फोन लावला.

१९ जून
सासरेबुवांनी मला आंघोळ घातली. एका हाताने त्यांनी भिंत धरली होती. दार नसल्यामुळे बायको तोंड फिरवून चादर धरून उभी होती, आणि तिच्यामागे सुतार माप घेत होता. साबण डोळ्यांत गेला.