बाबांची व्हॅन बंद पडली त्याबद्दल

ती. सौ. अक्सिन्याताईस,

धाकट्या प्रोकोपीचा साष्टांग नमस्कार. इथे आम्ही खुशाल आहोत (म्हणजे आई, मी आणि गाय, बाबांचं तुला ठाऊकच आहे). तुझ्या गुडघेदुखीला आता उतार पडला असेल. तुमच्याकडे याकुत्स्कला उणे चाळीस म्हणजे उकाडाच की. इथे छप्पन्न आहे.

फोनवर तू एकच प्रश्न विचारलास आणि रडायला लागलीस. दारात चालू गाडी असताना बाबांना तालुक्याच्या दवाखान्यात का नेलं नाहीस? तर ताई, गाडी चालू नव्हती. ऑक्टोबरपासून खिडकीखाली रात्रंदिवस घरघरणारी बाबांची व्हॅन बुधवारी दुपारी बंद पडली. का, ते तिचं तिलाच माहीत. आणि इथे गाडी एकदा गार पडली (तू आता गरम गॅरेजवाली झालीस म्हणून आठवण करून देतो) की तिची भेट एप्रिलमध्ये.

गुरुवारी सकाळी बाबांना श्वास घेववेना. नर्सबाई म्हणाल्या, ताबडतोब हलवा. गावातल्या बाकीच्या दोन्ही चालू गाड्या माल आणायला गेलेल्या, आणि उघड्या ट्रॅक्टरवर बाबा वेशीपर्यंतही टिकले नसते. मी सेल्फ मारला. नुसतं टक्. बॅटरी काढून चुलीपाशी नेली, तर आईने तिच्यावर माझी रजई घातली (इतक्या मायेने मला कधी कुणी पांघरूण घातलेलं नाही). शेजारचे सेम्योनकाका ब्लोलँप घेऊन गाडीखाली शिरले आणि चेंबरला शेक देत बसले. आतलं ऑइल तुपासारखं थिजलेलं. खालून माझा उद्धार चालूच होता, "अरे गाढवा, बंद पडलीच कशी? झोपा काढत होतास काय?" तेवढ्यात बॉनेटवर उबेसाठी टाकलेल्या वाकळेने पेट घेतला. मी घाबरून बादली ओतली आणि ते पाणी काकांच्या बाहेर आलेल्या बुटांवर गोठलं. काका जमिनीला चिकटले! त्यांना पहारीने सोडवावं लागलं. मग ट्रॅक्टरला बांधून ओढली. चाकं फिरतील तर शपथ! ग्रीस गोठलेलं, त्यामुळे गाडी तशीच घसरत भर गावातून दुकानापर्यंत गेली, आणि आत मी स्टिअरिंग धरून लग्नाला निघाल्यासारखा बसलेलो. हसणारे हसले. मला रडू येत होतं, पण पापण्या चिकटतात म्हणून रडलो नाही.

अखेर चाकं सुटली आणि साडेअकराला इंजिन चालू झालं. गाडी दारात आणून धावत आत गेलो, तर आईने बाबांचे डोळे मिटले होते.

खड्डा खणण्याआधी जमिनीवर दोन दिवस जाळ करावा लागला. तिसऱ्या दिवशी त्याच व्हॅनमधून त्यांना नेलं. वाटेत एकदाही कुरकुरली नाही, रांड.

तुझा,
प्रोकोपी

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. गाडी बंद पडली नाही, ताई. मी बंद केली. बुधवारी बाबा म्हणाले, "चाळीस हिवाळे ही घरघर ऐकतोय, घटकाभर थांबव रे." मी म्हटलं, उद्या तुम्हाला न्यावं लागलं तर? "किल्ली फिरव म्हणतो ना!" फिरवली. पुढे काय होणार ते मला माहीत होतं. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण आईला यातलं काही कळू देऊ नकोस, एवढंच मागणं.

आणखी एक. गाडी गप्प झाल्यावर बाबा बराच वेळ कान देऊन पडून होते. मग मला जवळ बोलावलं, खोकत खोकत हसले आणि म्हणाले, "आता ने बघू मला दवाखान्यात!"