विनयमूर्ती प्रेमलताजी

सुदामा नगर, इंदूर
६ जानेवारी २०२५

आदरणीय कांतामावशीस,
शीलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुला फोन केला की तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं स्वतःच्या मनानं भरतेस, म्हणून हे पत्र. रत्नपालदादाकडून वाचून घेऊ नकोस, तो निम्मं गाळतो. चष्मा शोध आणि स्वतः वाच. कमरेचं कसं आहे? वॉकर घेऊन खरंच चालतेस, की सोनलवहिनी आली की तेवढ्यापुरती उभी राहतेस?

बातमी आनंदाची आहे. कृष्णपुऱ्याजवळ नवं संगीत सभागृह झालंय ना, त्याला आईचं नाव द्यायचं ठरलं. आईला जाऊन दोन वर्षं होतील, त्या सुमारासच उद्घाटन आहे, २३ फेब्रुवारीला. समितीचे सचिव वासुदेवजी स्वतः घरी आले होते. आईच्या तसबिरीपुढे हात जोडून कितीतरी वेळ उभे होते. म्हणाले, सारा देश जिच्या गाण्यावर जीव टाकतो अशी बाई, आणि पाय कसे जमिनीवर! हीच गोष्ट आजच्या पोरांना कळली पाहिजे. मावशी, मला तिथंच रडू आलं गं.

दारावर संगमरवरी पाटी लागणार: ‘विनयमूर्ती प्रेमलताजी संगीत सभागृह’. आणि आत शिरल्याबरोबर समोर भिंतभर तो फोटो, तुकोगंजातल्या बंगल्याच्या मागच्या अंगणात आई जमिनीवर बसून जेवते आहे तो. फोटो आपल्याकडचाच दिला आहे, त्यावरून ते मोठा करून घेणार आहेत.

मला आईच्या नम्रतेवर दहा मिनिटं बोलायचं आहे. जन्मभर तू तिच्याबरोबर दौऱ्यावर फिरलीस, तेव्हा दोन-चार छान आठवणी लिहून पाठव. लवकर पाठव, नाहीतर मी आपल्या मनानं काहीतरी बोलेन आणि मग तूच चिडशील.

तब्येत सांभाळ आणि माया आहे तशीच ठेव.

तुझी,
शीला

---

नागपूर
१४ जानेवारी २०२५

चि. शीलास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मीच वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की चष्म्याचा नंबर वाढला. विनयमूर्ती? कोण, आपली प्रेमा?

अगं, ती जिवंत असती तर त्या पाटीवर शाईची दौत उपडी करून आली असती. नम्रतेच्या आठवणी मागतेस, कुठून आणू? माझ्याकडे एकही नाही. वाईट वागण्याच्याही नाहीत, ते आधी सांगते. तिनं कधी कुणा गरिबावर आवाज चढवला नाही, साथीदारांच्या आधी घास घेतला नाही. घरी आली की पदर खोचून भांडी घासायला बसायची आणि माझ्या वरणाला नावं ठेवायची. पण त्याला नम्रता म्हणत नाहीत, त्याला घर म्हणतात. बाहेरच्या जगापुढे ती एक इंचही वाकली नाही आणि मला त्याचा आजही अभिमान आहे.

आणि आडनाव कुठं गेलं? पाटीवर ‘तायडे’ का नाही? तुझ्या नजरेतून ते सुटलं, का तूच सोडून दिलंस?

तुझ्या आईची पहिली रेकॉर्ड निघायची होती तेव्हा कंपनीच्या साहेबांनी हेच सुचवलं होतं. वर नुसतं ‘प्रेमलता’ छापू, ऐकायला गोड वाटतं, आडनाव कशाला. प्रेमा म्हणाली, मग त्या नावाची जी कोणी असेल तिलाच गायला बोलवा, मी प्रेमलता तायडे आहे. आणि उठून आली. तेव्हा अंगावर धड साडी नव्हती गं, आणि बाबा बिछान्याला खिळलेले. मीच तिला मूर्ख म्हणाले होते. पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः आमच्या महूच्या घरी आले.

पुढे नाव झालं तरी तेच. निवेदक नुसता ‘हमारी प्रेमलताजी’ म्हणाला, की ही माइकपुढे तोंड मिटून बसायची. पूर्ण नाव घेईपर्यंत सूर लावायची नाही. हजार माणूस समोर, मंत्री पहिल्या रांगेत, आणि ही गप्प. लोक म्हणायचे माज चढला. चढू दे. आपल्या आजोबा-पणजोबांनी पलटणीत जन्मभर सलाम ठोकले, एखादीनं तरी ताठ बसावं की नाही?

आयुष्यभर ज्या आडनावासाठी ती भांडली, ते मेल्यावर गुपचूप पुसायचं, आणि वर तिला विनयाची मूर्ती म्हणायचं! मूर्तीला बोलता येत नाही, हेच त्यांना सोयीचं. समितीला सांग, पाटी बदला. नाहीतर नाव देऊ नका, आमचं काही अडलेलं नाही.

सोनल बिनमिठाचं जेवण घालते आहे, त्याचाही राग या पत्रात उतरला असेल, तेवढा वजा कर. बाकीचा तुझ्यासाठीच आहे.

तुझी आशीर्वादक,
कांतामावशी

---

सुदामा नगर, इंदूर
२३ जानेवारी २०२५

आदरणीय मावशीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू मोठी आहेस, बोललीस, मी ऐकून घेतलं. आता माझंही ऐकून घे.

आडनावाबद्दल मी वासुदेवजींना विचारलं. त्यांचं म्हणणं असं की बडे लोग एक ही नाम से जाने जाते हैं, आडनाव लावलं की माणूस एका समाजाचा होऊन बसतो, आणि प्रेमलताजी तो सबकी हैं. ते गोड बोलले, आणि मला ते पटलं. खोटं कशाला बोलू?

पण खरं कारण ते नाही. तू दौऱ्यावर तिच्याबरोबर होतीस मावशी, शाळेत मी एकटी होते. आई कुठं गप्प बसली, कुठून उठून आली, कुणाला काय बोलली, ते तुम्ही दोघी हसत घरी सांगायच्या. दुसऱ्या दिवशी वर्गात ते मला ऐकावं लागायचं. मी सातवीत होते तेव्हाची ती बातमी तुला आठवते? ‘शोहरत का नशा: महफ़िल अधूरी छोड़ चल दीं प्रेमलता’. मधल्या सुट्टीत मुलींनी ती मोठ्यानं वाचली. एकीनं विचारलं, घरी पण तुम्ही तिच्या पाया पडता का? मी डबा तसाच परत आणला आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही.

तेव्हापासून मला ती बातमीतली बाई नको आहे. मला फोटोतली आई हवी आहे, जमिनीवर बसून जेवणारी. ती पाहून लोकांचे डोळे भरून येतात. जन्मभर तिला गर्विष्ठ म्हणणारं हे गाव आज तिला चांगली म्हणतं आहे, तर मी मध्ये पडून म्हणू, की नाही हो, ती तशी नव्हती? तिच्या वाट्याला थोडं प्रेम येऊ दे ना. मलाही थोडं हवं आहे.

तू म्हणतेस पाटी बदला. सोपं आहे नागपुरात बसून म्हणायला. इथं रोज रस्त्यात ओळखीची माणसं भेटतात, अभिनंदन करतात. त्यांना काय सांगू?

राग आला असेल तर कळव. पण माया आटवू नकोस.

शीला

---

नागपूर
१ फेब्रुवारी २०२५

चि. शीलास,
अनेक आशीर्वाद, जयभीम.

शाळेतलं मला आजच कळलं. वाचून जेवण गेलं नाही. त्या मुली आज भेटल्या तर या वयातही मी त्यांचे कान धरीन.

पण बाळा, तुला एक गोष्ट कुणीच सांगितली नाही, आणि आम्हाला वाटत राहिलं की तुला माहीत आहे. ती बातमी आणि तो फोटो एकाच संध्याकाळचे आहेत.

ढोलकीवाले संताजीकाका आठवतात? महूचे, आपल्यातलेच. भीमजयंतीच्या मंडपापासून तुझ्या आईच्या साथीला होते. तुकोगंजात त्या दिवशी मोठी बैठक होती, शहरातले सगळे बडे लोक. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा त्या घरच्या माणसानं साथीदारांची नावं विचारली, पूर्ण नावं. मला तेव्हा काही वाटलं नाही. अर्ध्या गाण्यानंतर जेवण होतं. दिवाणखान्यात खुर्च्या मांडलेल्या, प्रेमाला चांदीचं ताट. पेटीवाले, सारंगीवाले सगळे तिथंच. संताजी दिसेनात. प्रेमानं मला बघायला पाठवलं. मागच्या अंगणात कपडे धुण्याच्या दगडाशी त्यांना पत्रावळीवर वाढलं होतं, एकट्याला.

तुझी आईही त्याच जातीची होती, पण तिचं नाव झालं होतं, म्हणून तिला ताट चांदीचं. मी येऊन कानात सांगितलं. तिनं ते चांदीचं ताट उचललं, त्यांच्या स्वयंपाकघरातून सरळ चालत गेली आणि संताजींच्या शेजारी फतकल मारून बसली. पाहुणे मागे आले. कुणीतरी फोटो काढला. सगळे वाहवा करत होते, क्या सादगी है, इतनी बड़ी कलाकार! घरच्या बाई सतरंजी घेऊन धावत आल्या. प्रेमा म्हणाली, सतरंजी नको, आत संताजींना खुर्ची द्या, मी लगेच येते. बाई जागच्या हलल्या नाहीत. प्रेमानं ताटातलं सगळं संपवलं, हात धुतले, मला तानपुरा गवसणीत घालायला सांगितला आणि आम्ही निघालो. उरलेलं गाणं झालंच नाही.

गाडीत संताजी सारखे म्हणत होते, माझ्यापायी झालं, माफ करा. तेव्हा मात्र ती त्यांच्यावर ओरडली. त्या दिवशी एवढंच काय ते तिचं ओरडणं.

दुसऱ्या दिवशी पेपरात ‘शोहरत का नशा’. बाई का उठून गेली ते कुणी छापलं नाही. पुढे कधीतरी तो फोटो एका मासिकात आला, तर त्याच्याखाली ‘सादगी’. एकाच संध्याकाळी ती माजोरी, आणि त्याच संध्याकाळी ती विनयमूर्ती! आणि संताजी दोन्हीकडे नाहीत. छापताना त्यांना कापून टाकलं. तुझ्याकडचा फोटो तसाच कापलेला आहे का मला माहीत नाही. असला तरी कडेला बघ, एक कोपर राहिलं असेल. ते त्यांचं. आणि एकदा तिच्या चेहऱ्याकडे नीट बघ. जेवणाऱ्या बाईचे जबडे असे आवळलेले असतात का?

आता तू ठरव. मी पुन्हा सांगणार नाही. तू जे करशील ते माझ्यापर्यंत येईलच, आणि माझं तुझ्यावरचं प्रेम त्यावर अवलंबून नाही, हे लक्षात ठेव.

तुझी,
कांतामावशी

---

सुदामा नगर, इंदूर
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशीस,
जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि सभागृहात गेले. फोटो मोठा होऊन आला होता, भिंतीला टेकवून ठेवला होता. कोपर आहे, मावशी. बाहीची घडीसुद्धा दिसते. आणि आईचा चेहरा तू म्हणतेस तसाच आहे. इतकी वर्षं तो फोटो माझ्या दिवाणखान्यात होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकानं दाखवत होते, आणि मला तो हसरा वाटत होता. मला भयंकर राग आला. नुसता शाळेतल्या मुलींचा नाही, नुसता समितीचाही नाही, सगळ्यांचा मिळून एकदमच.

तिथूनच वासुदेवजींकडे गेले. सगळी गोष्ट सांगितली, एका दमात. मग मी म्हणाले, पाटीवर पूर्ण नाव हवं, प्रेमलता तायडे. विनयमूर्ती काढा. आणि फोटोखाली त्या संध्याकाळी काय झालं ते लिहा, संताजीकाकांच्या नावासकट.

त्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, बात तो सही है, पण त्या बंगल्यातली मंडळी उद्घाटनाला पाहुणे म्हणून येणार आहेत, त्यांच्यासमोर हे कसं लिहायचं? पुरानी बातें हैं, उस ज़माने में सब ऐसा ही था. पत्रिका छापून झाल्या, पाटी कोरून झाली. शेवटी म्हणाले की आडनावाचं पाहू, बाकी सगळं राहू द्या. मी म्हणाले, बाकी सगळं राहणार असेल तर घरचं कुणी येणार नाही आणि फोटोही मी लावू देणार नाही. मूळ फोटो त्यांच्या टेबलावरच होता. मी तो उचलला आणि पिशवीत घातला. तिथं बसलेले दोघं-तिघं म्हणायला लागले, अरे भिया, समझाओ इनको, मॅडम बैठिए तो सही. मी बसले नाही.

पाटी आता कापडाखाली झाकून ठेवली आहे म्हणे. सोमवारी पुन्हा बैठक आहे. काय ठरेल ते मला माहीत नाही. आज सकाळपासून तीन फोन आले, तिन्हीत मला समजूतदारपणा शिकवला. चौथा आला तर तुझा नंबर देणार आहे. तुला अर्धंच ऐकू येतं ते या वेळी उपयोगी पडेल.

औषधं वेळेवर घे आणि सोनलवहिनीशी मिठावरून भांडू नकोस. सोमवारी काय होईल ते होवो, ते झाल्यावर मी नागपूरला येते. आले की मांडीवर डोकं ठेवून झोपू दे, एवढाच लोभ पुरे.

आणि एक राहिलंच. मी दारातून बाहेर पडत होते तेव्हा वासुदेवजी मागून अगदी दुखावल्यासारखे म्हणाले, की आपकी माताजी तो इतनी विनम्र थीं, आप न जाने किस पर गई हैं.

मी मागे वळून सांगितलं, आईवर.

तुझी,
पंचशीला