मीठ पडलं

सोमवार, ९ जून
खानावळीतलं मागचं टेबल, दुपारचे चार

प्रिय ताई,

“हिचा हात जड आहे. हिला भांड्यापासून लांब ठेवा.”

पत्राची सुरुवात खरं तर अशी करायची नव्हती. तू बरी आहेस ना, भावजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, हे आधी विचारायचं होतं. पण पेन टेकवलं आणि बाबांचं तुझ्याबद्दलचं ते वाक्यच पुढे आलं. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला. असू दे कागदावर. त्याच्याकडे मी येणार आहे, पण आधी खुशाली.

इकडे सगळं ठीक. बाबा एक्याऐंशीचे झाले तरी एक नंबरचं टेबल सोडत नाहीत. सकाळी नऊला येतात, काठी खुर्चीच्या पाठीला अडकवतात आणि डेपोतले ड्रायव्हर जेवायला आले की एकेकाच्या ताटाकडे रोखून बघत बसतात. कुणी काही टाकलं की मला हाक. “पळे, त्या खिडकीवाल्याने चार दोऱ्या ठेवल्यात.” स्पॅगेटीला ते अजून दोऱ्याच म्हणतात. मी म्हटलं, “अहो, पोट भरलं असेल त्याचं.” तर म्हणे, “मग खिशात घालून न्यायच्या होत्या.”

हो, मी अजून पळीच आहे. काडीसारखा दांडा आणि वर मोठं डोकं म्हणून तूच ठेवलंस ना हे नाव? आता दांडा कसला, पिंप झालंय. पण भाजीवालासुद्धा “पळीताई” म्हणतो. त्याचंही काही वाटेनासं झालंय.

आता जरा शेखी मिरवते. तुझ्यापुढे नाही मिरवायची तर कुणापुढे?

यंदाचे टोमॅटो असे आलेत, ताई, की पेटी उघडली आणि मी पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले. लांबट, गराचे, आत पाणी जवळजवळ नाहीच. देठापाशी चिरा देऊन उकळत्या पाण्यात बुडवले की साल आपणहून सुटते, मुलाच्या अंगातला ओला सदरा ओढून काढावा तशी. बिया मी अजून हातचाळणीनेच काढते. यंत्र आणलं होतं, पण ते बियाही भरडतं आणि सॉस कडवट होतो. तीन दिवसांत परत केलं. कांदा इतका बारीक की शिजल्यावर दिसता कामा नये, गाजर किसून, लसूण तेलात घालायचा आणि तेल तापायच्या आधी घालायचा. मग तीन तास. घाई केली की सॉस लाल राहतो. थांबलं की विटेच्या रंगावर येतो. आणि शेवटी बाबांची परीक्षा: चमचाभर ताटलीत घ्यायचा, ताटली तिरकी करायची. पाणी वेगळं पळालं तर अजून अर्धा तास. सगळा एकजिनसी सरकला तरच मीठ.

हे सगळं तुला मी कशाला सांगतेय? तूच तर मला शिकवलंस. बाबा तुला शिकवायचे आणि तू कांदा चिरता चिरता मला सांगायचीस. पण गेली अठ्ठावीस वर्षं मी ते केलंय, एकही दिवस बाटलीतला विकतचा सॉस या भांड्यात पडलेला नाही, आणि याचा मला अभिमान आहे. उगाच साधेपणाचा आव आणत नाही.

आता मुख्य बातमी. गेल्या मंगळवारी एक पाहुणा आला. पन्नाशीचा, हातावर भाजल्याचे जुने डाग. तेव्हाच मी ओळखलं, हा आपल्यातला. एक ताट खाल्लं, मग दुसरं मागवलं, ते नुसता सॉस घालून. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाला, “कुणी केलाय?” एका मोठ्या हॉटेलचा मुख्य आचारी निघाला. हाताखाली चाळीस माणसं. मी पदर... म्हणजे एप्रन सारखा करत म्हटलं, “मीच.” तो म्हणाला, “बाई, तीस वर्षांत असा सॉस तीनदा खाल्ला असेन. सगळे मीठ पुढे ठेवतात. तुम्ही मागे ठेवलंत, म्हणून टोमॅटो बोलतो. एवढी हिंमत कुठून आणलीत?”

ताई, अंगावर मूठभर मांस चढलं. बाबांनी एक नंबरवरून सगळं ऐकलं. काठी खुर्चीवरून काढली आणि पुन्हा खुर्चीलाच अडकवली. त्यांची काठी अशी उगाच हलते तेव्हा मनातलं काहीतरी ओठांवर येऊन परत गेलेलं असतं, तुला ठाऊक आहे.

आणि तरी त्या दिवसापासून त्या माणसाचा एक शब्द मला काट्यासारखा बोचतोय. हिंमत.

भाजीवाला आलाय. नंतर लिहिते.


गुरुवार, १२ जून
तेच टेबल

भाजीवाला सोमवारी दहा मिनिटांत गेला होता. मी तीन दिवस पत्राला हात लावला नाही, त्याचं खरं कारण वेगळं.

ताई, ती हिंमत नव्हती. भीती होती. मी या भांड्यात मीठ कमी घालते कारण मिठाच्या डब्याला हात लावला की मला सोळा वर्षांची मी दिसते.

आपला नियम आठव. बाबा जहाजावर भटारखान्यात होते तेव्हाचा. तिथे हुकूम सुटला की ऐकणाऱ्याने मोठ्याने ‘ऐकलं’ म्हणायचं, म्हणजे चूक होत नाही. बाबांनी तो नियम चुलीपाशी आणला. मीठ एकानेच घालायचं, घातलं की मोठ्याने म्हणायचं, “मीठ पडलं!” आणि स्वयंपाकघरात जो असेल त्याने म्हणायचं, “ऐकलं!” ऐकलं आल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. बाहेरची गिऱ्हाइकं हसायची. एक कंडक्टर तर आत येता येताच ओरडायचा, “मीठ पडलं का?” आणि आपण दोघी आतून, “नाही, तुम्हीच पडाल!”

त्या दिवशी डेपोच्या साहेबांच्या निवृत्तीचं जेवण होतं. साठ ताटं. बाबांनी पहिल्यांदा मोठं भांडं तुझ्या स्वाधीन केलं. तू एकोणीस वर्षांची. बाबा मला म्हणाले होते, “बघ, शिक. जीभ हिच्याकडे आहे.” प्रेमाने म्हणाले होते. पण माझ्या जिभेचं काय, हे मला कुणी सांगितलं नाही.

तू मागच्या अंगणात बेसिलची पानं खुडायला गेलीस. मी कांदा चिरत होते, तुला माहीत आहे. ताटली मी तिरकी करून बघितली. पाणी पळालं नाही. सॉस तयार होता. मी डबा उघडला आणि तुझ्याच मापाने, तुझ्याचसारखी मूठ उंच धरून, मीठ घातलं.

आणि “मीठ पडलं” म्हटलं नाही.

विसरले नाही, ताई. अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला विसरले असंच सांगत होते, आणि तेवढं खोटं पुरत होतं. मला असं हवं होतं की साहेब बोटं चाटतील, बाबा म्हणतील “वा, मीठ काय बसलंय!” आणि मग मी कांद्याच्या पाटावरून म्हणेन, “ते मी घातलं होतं.” एवढंच. तुझं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. तुझ्यातलं थोडं मला हवं होतं.

तू परत आलीस. पानं ठेवलीस, ताटली तिरकी केलीस, मीठ घातलंस आणि नियमाप्रमाणे खणखणीत म्हणालीस, “मीठ पडलं!”

आणि मी म्हटलं, “ऐकलं.”

तेव्हा बोलले असते तरी काही बिघडत नव्हतं. वरचं मीठ अजून विरघळलं नव्हतं, डावाने काढून टाकता आलं असतं. पण तोंडातून तेच निघालं जे रोज निघतं, आणि मी पुन्हा कांदा चिरायला लागले. मग बाबांनी चाखलं. त्यांनी आत बटाटे टाकले, पाणी टाकलं, कशाचा उपयोग झाला नाही. साठ माणसांनी लोणी आणि मिरपूड लावून दोऱ्या खाल्ल्या. कुणी तक्रार केली नाही, तेच बाबांना जास्त लागलं. तू म्हणालीस, “बाबा, मी एकदाच घातलं. मोजून घातलं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “पळे, तू इथेच होतीस ना?”

“मी कांदा चिरत होते.”

माझे डोळे वाहत होते. सगळ्यांना वाटलं, कांदाच.

मग ते वाक्य. तू एप्रन काढलास, चार घड्या घातल्यास, स्टुलावर ठेवलास. आवाज चढवला नाहीस. दोन महिन्यांत दुसऱ्या गावी शिकायला गेलीस. आणि आज तू रुग्णालयाच्या औषधघरात तान्ह्या बाळांच्या पुड्या बांधतेस, तांदळाच्या कणीहून कमी औषध काट्यावर मोजून. कुणी माझ्यासमोर तुझं नाव काढलं की मी सांगते, माझ्या बहिणीच्या हातात चूक राहत नाही. छाती फुगवून सांगते. आणि सांगताना दरवेळी वाटतं, हे वाक्य एका माणसाला सांगायचं राहिलंय.

काल सांगितलं.

खरं तर आधी तुला सांगायला हवं होतं. पण तुला लिहायचं बळ बाबांना सांगितल्यावरच येईल असं वाटलं. जेवणाची गर्दी ओसरली होती. मी एक नंबरवर त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, कांद्यापासून कांद्यापर्यंत. ते टेबलाच्या फटीतले पावाचे कण नखाने काढत राहिले. मला वाटलं काठी उगारतील, किंवा रडतील. ते म्हणाले, “चमचा आण.”

मी दुपारच्या सॉसचा चमचा नेला. त्यांनी चाखला, बराच वेळ तोंडात ठेवला.

“मीठ कमी आहे.”

“अं?”

“कमी आहे, पळे. पहिल्या दिवसापासून कमी आहे. अठ्ठावीस वर्षं सांगीन सांगीन म्हणतोय.”

“मग सांगितलं का नाही?”

“एकदा मिठावरून बोललो, आणि एक पोर चुलीपासून उठून गेली. ती गेल्यावर दुसरीला कुठल्या तोंडाने बोलणार?”

“आणि तो हॉटेलवाला? तो तर म्हणाला...”

“त्याला काय कळतंय! त्याने थोरलीचा खाल्लाय कुठे?”

असं म्हणाले, ताई. मग काठी घेऊन उठले, आणि दारापाशी थांबून माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिला लिही. माझं नाव घालू नकोस. माझं मी बघेन.” मी तरी घातलं.

मी माफी मागत नाही असं नाही. मागतेय. पण माफ कर असं लिहिलं की तुझ्यावर काम पडतं, आणि तुझ्यावर आधीच माझं बरंच पडलंय. फक्त एक गोष्ट सोडणार नाही: हा सॉस माझा आहे. भांडं चुकीच्या मार्गाने हातात आलं, पण पुढची तीन तासांची प्रत्येक दुपार मी प्रामाणिकपणे उभी राहिलेय. चाळणी धरून मनगट वाकडं झालंय. त्याचा अभिमान मी टाकणार नाही, आणि तूही टाक म्हणणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते.

पण त्यात मीठ कमी आहे. ते मला घालता येत नाही. खरंच येत नाही, काल रात्रीचं भांडं करताना प्रयत्न केला, मूठ उघडेचना.

बावीस तारखेला, रविवारी, खानावळीला चाळीस वर्षं होतात. ड्रायव्हर, कंडक्टर, झाडूवाल्या, जुन्या साहेबांची सून, सगळे मिळून साठ ताटं. आकडा मी मुद्दाम जुळवलेला नाही, बाबांनी जुळवलाय. सॉस मी करणार. टोमॅटो, कांदा, तीन तास, ताटली, सगळं माझं.

तू नाही म्हणशील. तुला रविवारची ड्यूटी असेल, भावजींचा गुडघा असेल. आलीस तरी दरवेळेसारखी स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच थांबशील, “आत नको ग, कपड्यांना वास लागतो,” म्हणशील, आणि पुढ्यातला पाव तसाच सॉस न लावता खाशील. “पोट भरलंय,” म्हणशील. मला सगळं पाठ आहे. म्हणूनच तुझ्या उत्तराची वाट न बघता तुझा एप्रन धुतलाय. तोच, निळ्या काठाचा. चार घड्या घालून स्टुलावर ठेवलाय.

ये. आत ये. त्या दिवशी मीठ तू घाल, आणि बाहेरपर्यंत ऐकू जाईल असं सांग.

या वेळी खरंच ऐकणारी,
तुझी पळी