बर्फावरची डुलकी

१८ जानेवारी, रविवार

पोचले एकदाची! बसमधून उतरले तेव्हा हाडांचा नुसता खुळखुळा झाला होता, पण घर बघितलं आणि जीव थंडावला. पिवळं लाकडी घर, दोन खोल्या, मागे वाफेने शेकायची सौना-खोली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट तळं दिसतं. तळं म्हणजे आत्ता पांढरं मैदानच. शेजारच्या व्हेइक्कोने सकाळीच चूल पेटवून ठेवली होती आणि लाकडंही फोडून रचली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, पण जिभेला हाड नाही. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, की तुओवी, तुझ्यापेक्षा आमच्या स्मशानातली माणसं ताजीतवानी दिसतात. खोटं कशाला बोलू, खरंच होतं ते. इतकी वर्षं शहरातल्या हॉस्पिटलात रात्रपाळ्या केल्या, झोप म्हणून जी गेली ती गेलीच. इथे वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात दिवसाची नोकरी आहे. सूप ढवळायचं, भाकऱ्या कापायच्या आणि संध्याकाळी घरी. मला आणखी काय हवंय? झोप हवीय. बस्स, तेवढीच हवीय.

सेन्याला फोन केला. मार्चच्या सुट्टीत येते म्हणाली. माझी पोरगी शहरात बस चालवते, तिचाही आवाज माझ्यासारखाच ओढलेला.

२५ जानेवारी, रविवार

आज व्हेइक्कोने मासेमारीला ओढून नेलं. मी नको नको म्हणत होते. तो म्हणाला, की बर्फावर बसायला कुठे अंगमेहनत लागते, तुझ्यासारख्या आळशांचाच खेळ आहे हा. बरोबर राइली होती, दुकानात गल्ल्यावर बसते ती. बाई हाडांची काडं झालेली, डोळ्यांखाली काळं. मला वाटलं, चला, माझी जोडीदारीण भेटली.

ऊन छान होतं. घसरगाडीवर सामान टाकून तळ्याच्या मधोमध गेलो. व्हेइक्कोने गिरमिटाने बर्फात भोक पाडलं, झाऱ्याने चुरा काढला, बूड टेकलं आणि गळ सोडला. मग गिरमिट माझ्या हातात. मी चार फेरे फिरवले आणि खांदा बोंबलायला लागला. बर्फ हातभर जाड! व्हेइक्को हसून हसून खोकायला लागला. म्हणाला, तुझं भोक होईस्तोवर वसंत येईल बाई.

इथली रीत अशी, की ज्याचं भोक त्याचं. दुसऱ्याच्या भोकावर बसायचं तर मालकाला विचारायचं. घरी जाताना भोकात स्प्रूसची डहाळी खोचायची, म्हणजे कुणी आंधळ्यासारखा त्यात पाय घालणार नाही. मला हे लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून विचारलंच. राइलीच्या पुढ्यात एक छान तयार भोक होतं, डहाळी बाजूला काढून ठेवलेली, आणि ती स्टुलावर गळ गुंडाळून नुसतीच बसली होती. मी म्हटलं, राइली, मी बसू का गं तुझ्या भोकावर, माझे हात गेले. तिने मान हलवली. मी बसले.

आणि काय सांगू! गळ सोडला न सोडला तोच मासा. मग दुसरा. हिरव्या पट्ट्यांचे जाडजूड पर्च, बादली भरली. व्हेइक्कोला दोनच, तेही बोटाएवढे. तो चिडून गळ बदलत बसला. राइली मधेच दचकून जागी झाली, माझ्याकडे बघितलं, भोकाकडे बघितलं आणि उठून एकटीच चालू लागली. कॉफीलासुद्धा थांबली नाही. मी हाक मारली तर वळून बघितलं नाही. विचित्रच बाई.

मासे लोण्यात तळले, राय धान्याच्या काळ्या भाकरीबरोबर खाल्ले. डोळे आपोआप मिटतायत. मला! माझा विश्वास बसत नाही.

२६ जानेवारी

झोपले. सकाळपर्यंत सरळ झोपले. उठले तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि मी चक्क रडले. इतकं हलकं वाटलं, की सूप ढवळताना गाणं म्हणत होते. म्हाताऱ्या बायका हसायला लागल्या.

३ फेब्रुवारी

रोज झोप. जेवले की झोप. गाल भरायला लागलेत असं व्हेइक्को म्हणतो, आता तू स्मशानातल्यांच्या बरोबरीला आलीस म्हणतो. राइलीही दुकानात दिसली. ओळखू येईना! लाल गाल, नवीन टोपी, लोकांशी खिदळत होती. मला बघून मात्र नजर खाली गेली तिची. उरलेले पैसे देताना नाणी सांडली.

८ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा तळ्यावर गेलो. गेला आठवडा उणे पंचवीस होतं. व्हेइक्कोची सगळी जुनी भोकं दगडासारखी गोठलेली, त्याला पहिल्यापासून गिरमिट चालवावं लागलं. माझं भोक उघडंच. काळं पाणी, वर सायीएवढाही बर्फ नाही. डहाळी तशीच, हिरवीगार. व्हेइक्को बघत राहिला. हे कुणाचं म्हणाला. मी म्हटलं, राइलीने दिलं. त्याने आपलं स्टूल उचलून चार पावलं लांब नेलं.

बसल्या बसल्या डोळा लागला. व्हेइक्कोने गदागदा हलवून उठवलं. मी पुढे इतकी वाकले होते, की टोपीचा गोंडा पाण्याला लागला होता.

१४ फेब्रुवारी

सूप करपलं. मोठ्या पातेल्यासमोर उभ्या उभ्या झोपले. मुख्य बाई ओरडल्या नाहीत, घरी जा म्हणाल्या. घरी आले, खुर्चीत बसले.

जाग आली तेव्हा तळ्यावर होते. स्टुलावर. भरदुपार. अंगात कोट होता, पायांत बूट होते, नाड्या नीट बांधलेल्या. हातात दोरा, आणि दोरा खालून हळूहळू ओढला जात होता. माशासारखे झटके नव्हते. कुणी हात धरून चल म्हणावं तसं.

पळत घरी आले. भीती वाटली. खूप.

१५ फेब्रुवारी

कॉफीवर कॉफी. तरी पेंग येतेच. ही माझी झोप नाही. माझी झोप मला अंथरुणातच ठेवायची, ही झोप मला उचलून —

१९ फेब्रुवारी

राइलीला घरी गाठलं. दार लावून घेत होती, मी पाय मधे घातला. मग रडायला लागली आणि सगळं बोलली.

ते भोक अहतीचं. अहती तिचा आणि व्हेइक्कोचा मासेमारीतला सोबती, एकटा जीव. मागच्या मार्चमध्ये तो असाच झोपाळलेला असायचा. एक दिवस नुसतं स्टूल सापडलं, दोरा भोकात ताठ. खाली गळ टाकून शोधलं, काही लागलं नाही. ह्या हिवाळ्यात बर्फ धरला आणि त्याच जागी भोक आपसूक उघडलेलं, डहाळीसकट. राइलीला भरून आलं. तिने सवयीने, थोडं गमतीने विचारलं, की अहती, बसू का रे तुझ्या भोकावर? वारा नव्हता. डहाळी हलली, हो म्हटल्यासारखी. ती बसली. तेव्हापासून तिची तीच गत झाली जी आता माझी.

मी म्हटलं, आणि तू मला दिलंस? मान हलवून दिलंस? ती म्हणाली, तुओवी, आईची शपथ, मी हो म्हटलंच नाही. मी झोपले होते गं. माझी मान पडली.

पडली. तेवढं पुरलं. त्या भोकाला हो आणि डुलकी यातला फरक कळत नाही, किंवा कळून घ्यायचा नाही. विचारणाऱ्याला मान दिसली, की भोक त्याचं होतं.

मग का नाही सांगितलंस म्हणाले. ती म्हणाली, जाग आली तेव्हा अंग इतकं हलकं झालं होतं, की मला आनंद झाला. माफ कर नाहीतर नको करूस. कुणीतरी विचारेल तुला, मान हलव आणि मोकळी हो. मी म्हटलं, मग तूच माग परत. तिने माझे हातमोजे उचलून माझ्या हातात दिले आणि दार उघडलं.

२१ फेब्रुवारी

व्हेइक्कोला सांगितलं. हसला नाही. फावडं घेऊन गेला, भोकात बर्फ ठासून भरला, वर पाणी ओतलं, लगेच गोठलं. म्हणाला, घे, बुजवलं.

दुपारी पुन्हा तिथेच जाग आली मला. भोक उघडं. ऊन सरळ आत पडलं होतं. पाण्यात खाली एक माणूस होता. दाढी वर तरंगत होती, डोळे मिटलेले. आणि मान पाण्याबरोबर हलत होती. खालीवर. हो, हो, हो.

२४ फेब्रुवारी

गाव सोडायचं ठरवलं. बसथांब्यावर उभी राहिले, बसले नाही मुद्दाम. गालांवर बर्फ चोळत राहिले. बसचे दिवे दिसले, नक्की दिसले. मग स्टूल. बॅग शेजारी. बॅगेचा पट्टा ओला.

२६ फेब्रुवारी

व्हेइक्को आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा. म्हणाला, की मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, गुडघे गेले, बायको गेली, मासेही मला लागत नाहीत. तुओवी, बसू का तुझ्या भोकावर?

मी दोन्ही हातांनी डोकं धरून ठेवलं. घट्ट. ह्या माणसाने माझी चूल पेटवली होती. नाही म्हणाले, निघ. मेला रडला. मीही रडले.

२८ फेब्रुवारी

सेन्याला फोन केला, येऊ नकोस. कारण काय सांगू? आवाज घोगरा, शब्द अर्धे अर्धे. ती घाबरली, आजारी आहेस म्हणाली, मग तर येतेच म्हणाली. नको गं नको — फोन हातात धरूनच झोपले बहुतेक. तिला वाटलं, मी ये म्हटलं.

२ मार्च

आली. किती वाळलीय माझी पोर. डबल पाळ्या करून आलीय. सगळं सांगितलं तिला. माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. म्हणाली, आई, तुला निदान झोप तरी येते, मला तीही नाही, मलाही शिकव की. हसत म्हणाली.

व्हेइक्कोला सांगून ठेवलंय, हिला बर्फावर जाऊ देऊ नकोस. तो म्हणाला, दारात बसतो.

३ मार्च

आवाज गेला. जबडा जड. डोक्याला मफलर बांधून मान खुर्चीच्या पाठीला — गाठ सुटते. दर वेळी सुटते.

४ मार्च

बर्फावर. वही कोटात होती, पेन्सिलही. म्हणून लिहितेय. लिहिलं की मान ताठ राहते. हनुवटी मुठीवर टेकवलीय.

सेन्या मागोमाग आली. व्हेइक्कोला चुकवून मागच्या दाराने, माझ्या बुटांचे ठसे बघत आली. व्हेइक्को किनाऱ्यावरून ओरडतोय, लांब आहे, त्याचे गुडघे —

कॉफी आणलीय तिने. मला प्यायला लावते. किती दमलीय, उभ्या उभ्या डोलतेय. भोकाकडे बघते. म्हणाली, किती शांत आहे गं इथे.

नाही सेन्या.

म्हणाली, आई, सरक ना जरा, घडीभर बसू का तुझ्या भोकावर?

‘नाही’ असं लिहिलं. मोठ्या अक्षरांत. वही दाखवली. तिने बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघतेय. लहानपणी बघायची तशी, हो म्हण ना म्हणत.

डहाळी हलतेय. वारा नाही.

मूठ घसरतेय. बधिर. पेन्सिल दातात धरू का — मग लिहिणार कसं —

पुन्हा विचारलं. बसू का?

वहीकडे बघ बाळा. वहीकडे. माझ्या मानेकडे नको. ती माझी नाही, ती —

नाही. नाही. ना —