होडी ओढायला आई आल्या

अरे,

‘प्रिय’ लिहून खोडलं. नुसत्या ‘अरे’वर भागव.

वेगळं होताना माझ्या वाट्याला आलेली शिडाची होडी परवाच्या वादळात दोर तुटून वाळूवर चढली आणि आडवी पडली. दुपारच्या भरतीत ती सुटली नाही, तर पुढच्या लाटा तिचा चुरा करणार होत्या. मी एकटीच ओढत होते, पण ती ढिम्म हलेना. तेवढ्यात मागून आवाज आला, “अगं, कमरेतून जोर लाव!”

वळून बघते, तर आई! म्हणजे तुझी आई. घटस्फोटापासून त्या माझ्याशी अक्षरही बोलल्या नव्हत्या. सोबत त्यांच्या पोहण्याच्या वर्गातल्या सात-आठ आज्या, बाह्या सरसावून.

“आई, तुम्ही?”

“भांडण तुमचं. होडीनं कुणाचं घोडं मारलंय?”

पाणी चढलं तशा आम्ही सगळ्या दोराला लोंबकळलो. होडी करकरली, डुलली आणि सुटली. आम्ही पाण्यातच बसकण मारली. आईंनी मला ओल्या अंगानंच जवळ घेतलं.

रविवारी आम्ही दोघी होडीतून फिरायला निघतोय. तुला कळवायची फार हौस होती, पण आईंनी बजावलंय, “त्याला सांगू नकोस, नाहीतर तोही येईल.” म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही.

तुझी कुणी नाही, पण
तुझ्या आईची सून