पटावरची विसावी

१७ जून, दुपारी
हायस्कूलचे हेडसर स्वतः घरी आले. हात जोडून बसले. अकरावीला एकोणीसच मुले भरली आहेत, वीस झाली नाहीत तर वरचे ऑफिस वर्ग बंद करणार. मग आमच्या कन्येला आणि बाकीच्यांना रोज बावीस किलोमीटर बसने जावे लागेल. बस एकच, तीही वाटेत बंद पडण्यासाठीच निघते. निम्म्या मुलींचे शिक्षण तिथेच संपणार. तेव्हा ताई, तुम्ही मॅट्रिक आहात, तुम्हीच विसाव्या व्हा, म्हणाले.
गावात मॅट्रिक झालेल्या आम्ही चार बायका. त्यांत सर नेमके माझ्याकडे आले. बाकी तिघींनी नाही म्हटल्यावर आले, असे ह्यांचे म्हणणे. हे दिवसभर पिठाच्या गिरणीत असतात, त्या आवाजाने ह्यांना नीट ऐकू येत नाही.
संकल्प: पहिला नंबर. दुसरा कन्येने आणावा, तसे तिला सांगितले. ती म्हणाली, आई, तेवढे वर्गात मला बाळी म्हणू नकोस.

१९ जून
पहिला दिवस. एक लांब खोली, वर पत्रा, मधोमध कपाट. कपाटाच्या अलीकडे अकरावी, पलीकडे प्रयोगशाळा. प्रयोगशाळेत एक सांगाडा आणि शिपाईमामांची सायकल.
मी आत पाऊल टाकताच सगळा वर्ग उठून उभा राहिला. बाई आल्या असे वाटले, असे मागाहून कळले. पण उभे राहिले ते राहिलेच.
नव्या वह्या घेतल्या नाहीत. कन्येच्या जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून दोऱ्याने शिवली. युनिफॉर्मला खिडकीचा निळा पडदा आहे, रंग तंतोतंत जुळतो. रविवारी शिवीन.

२७ जून
माझ्या मागच्या बाकासाठी रोज भांडण. जाड चष्म्याचा एक मुलगा आहे, त्याला सगळे बॅटरी म्हणतात. तो तर घंटेआधी अर्धा तास येऊन जागा धरतो. ज्ञानाची ओढ असते एकेकाला.
आज मॉनिटर झाले, एकमताने. दुसरे कुणी उभे नव्हते. कामे: खडू आणणे, फळा पुसणे, गडबड करणाऱ्यांची नावे लिहिणे. अठरा नावे लिहिली. एकोणिसावे कन्येचे होते, ते गाळले. मग वाटले, देव बघतो आहे. तेही लिहिले. कन्या जेवायला ह्यांच्या पलीकडे जाऊन बसली.
पडदा अजून खिडकीलाच. ऊन फार येते.

५ जुलै
सोमवारी भूगोलाची टेस्ट, पंचवीस गुणांची. वाऱ्यांचा धडा एकदा वाचला. वाऱ्याचे मला काय नवीन, एवढी वर्षे अंगावर घेते आहे. पुस्तक देवापुढे ठेवले. कन्या तीन दिवस घोकते आहे. घोकून काय होते, समजले पाहिजे.

८ जुलै
पेपर सोपा. अर्धा तास आधी दिला. कागद वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक उत्तर एका ओळीत. बाई बघतच राहिल्या. तेवीस पडावेत. पंचवीस म्हणणे बरे दिसत नाही.

१५ जुलै
पेपर मिळाले, पालकांची सही आणायची आहे. मला तीन. एक उत्तराचा, दोन अक्षराचे. 'वारे का वाहतात' ह्याला मी 'देवाची इच्छा' लिहिले होते आणि 'भरती-ओहोटीची कारणे' ह्याला 'वरीलप्रमाणे'. बाईंनी लाल शाईने खाली लिहिले आहे: देवाचा अभ्यास दांडगा आहे, आता भूगोलाचा करावा. बाई अठ्ठावीस वर्षांच्या. श्रद्धा यायला वय लागते.
कन्येला बावीस. तिने माझा पेपर बघितला. एक आठवडा भांडी माफ केली, तेव्हा गप्प बसायचे कबूल झाली.
पालक म्हणून सही मीच केली. कन्येच्या पेपरवरही मीच करते, एका घरात दोन पद्धती नकोत. ह्यांनी विचारले तर सांगितले, पेपर अजून तपासायचे आहेत. हे खोटे नाही. माझ्या मते ते परत तपासायलाच हवेत.
पेपर देवाच्या तसबिरीमागे सरकवला. आता देव आणि तो.

२१ जुलै
उद्या तपासणीचे साहेब येणार, डोकी मोजणार. सगळ्यांनी युनिफॉर्ममध्ये, आपापल्या बाकावर बसायचे, असे हेडसरांनी कालच बजावले. माझ्याकडे बघून दोनदा बजावले. पडदा उतरवला, पण कात्री लावायचा धीर होईना. चांगला धडधाकट पडदा. परत लावला. ठेवणीतले कपडे घालीन. मोठ्या साहेबांना माणूस दिसतो, कापड नाही.

२२ जुलै, दुपारी
असा दिवस आयुष्यात एकदाच येतो. खडूची पेटी घेऊन फळ्याजवळ उभी होते, तोच साहेब आत आले. बसा बाई, बसा, म्हणाले, आणि खुर्ची स्वतः पुढे ओढली. नाही कसे म्हणायचे. बसले. वर्ग कसा काय आहे, म्हणाले. मी म्हटले, मुले हुशार आहेत, जरा बडबडी आहेत, पण मी मनावर घेतले आहे. साहेब म्हणाले, तुमच्यासारख्या अनुभवी माणसांवरच शाळा उभ्या असतात.
हेडसर दारातून हातवारे करत होते. फार विनय नको, असे सुचवत असावेत. कन्या डोळे मोठे करून बघत होती. पहिल्यांदाच तिला आईचा अभिमान वाटला. साहेबांनी डोकी मोजली, लिहून घेतली, निघाले. हेडसर त्यांच्या जीपमागे फाटकापर्यंत पळत गेले. निरोप द्यावा तर असा.

संध्याकाळी
साहेबांनी एकोणीस लिहिले. मला मोजलेच नाही.
हेडसर ओट्यावर बसून चार पेले पाणी प्याले. कन्येने दप्तर आवरून कोनाड्यात ठेवले आणि बसच्या वेळा विचारायला शेजारी गेली.

२३ जुलै
हेडसर पलीकडच्या गावच्या शाळेत जाऊन साहेबांना भेटून आले. साहेब म्हणे, पटावर कुणाचेही नाव चढवता येते. त्या बाई विद्यार्थिनी असतील तर त्यांचा तपासलेला पेपर दाखवा, पालकांच्या सहीचा. परवा परत येतो. हेडसर म्हणाले, ताई, पेपर आहे ना. मी म्हटले, शोधावा लागेल.
तसबिरीपुढे अर्धा तास उभी होते. दुसरा काही मार्ग असला तर सुचव, म्हटले. सुचला नाही. मागे हात घातला.
पुढचा पेच सहीचा. विद्यार्थिनी मी आणि पालकही मीच, हे साहेब कसे धरतील. गिरणीत गेले. ह्यांनी पट्टा थांबवला, पिठाच्या हातांनी पेपर धरला आणि सगळा वाचला. मी लिहिलेले ह्यांनी लग्नानंतर प्रथमच वाचले. म्हणाले, सात ओळींत अख्खी पृथ्वी आटपलीस की. माझ्या सहीखाली सही केली आणि गिरणी सुरू केली. हसले की नाही, आवाजात कळले नाही. पाठ हलत होती.

२५ जुलै
साहेबांनी पेपर दोनदा वाचला. चष्मा काढून डोळे पुसले. मग सगळ्या वर्गासमोर म्हणाले, माफ करा बाई, तुम्ही शिक्षिका नाही ह्याबद्दल माझी पूर्ण खात्री पटली. वहीत वीस लिहिले. पेपर फाइलला लावून घेऊन गेले. आता तो वरच्या ऑफिसात कायम राहणार.
वर्गाने बाके बडवली. बॅटरी म्हणाला, काकू, तुम्ही हलू नका हं इथून, तुमच्या मागे झोप फार छान लागते. सगळ्यांत मोठ्याने कन्या हसली. मग दप्तर उचलून माझ्या बाकावर येऊन बसली.

२ ऑगस्ट
हेडसरांनी ऑफिसात बोलावले. सत्कार असेल म्हणून केस नीट करून गेले. म्हणाले, ताई, अभ्यासाचा ताण घेऊ नका. यंदा नापास झालात तरी बिघडत नाही. ह्या वर्षी दहावीतही एकोणीसच आहेत.
कन्या बारावीत जाईल.
घरी येऊन पडदा उतरवला, कात्री लावली. शिवणीत चांगली चार बोटे माया सोडली आहे. युनिफॉर्म पाच-सहा वर्षे जायला हवा.